सोलापुरात लहान सॉफ्टवेअरवाल्यांचा गट कसा बांधावा

सॉफ्टवेअर, वेबसाइट, सीसीटीव्ही बसवणं अशी कामं करणारी मुलं सोलापुरात पेठापेठांतून आहेत. मुस्लिम, बौद्ध, मातंग, भटक्या-विमुक्त घरांतल्या मुलांना काम येतं, पण जामीनदार, टेंडरचा अनुभव आणि ओळखीचा सीए त्यांच्याकडे नसतो. गट हवा तो एवढ्यासाठीच. सत्कार आणि फ्लेक्ससाठी नव्हे.

सुरुवात आठ-दहा जणांनी करा. सगळेच वेबसाइटवाले घेतलेत तर महिन्याभरात दरावरून भांडणं होतील. एक बिलिंगवाला, एक अ‍ॅपवाला, एक हार्डवेअरचा, एक जीएसटी कळणारा असा मेळ घाला. तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारा प्रत्येकी एक तरी असावा, कारण यंत्रमागवाल्या शेठजींशी तेलुगूत बोललं की निम्मं काम तिथंच होतं. प्रत्येकाने पूर्ण केलेली शेवटची दोन कामं आणि दर एका सामायिक शीटमध्ये लिहायचे. ‘येतं’ असं सांगितलेलं धरायचं नाही, केलेलं तेवढंच धरायचं.

पुढचं काम कागदांचं, आणि चुका इथंच जास्त होतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची ऑनलाइन नोंदणी, मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नका. त्यात धंद्याच्या प्रकाराचा कोड नीट निवडा: ग्राहकासाठी प्रोग्राम लिहीत असाल तर ६२०११, वेबपेज डिझाइनला ६२०१२, देखभालीला ६२०१३. फॉर्ममध्ये सामाजिक प्रवर्ग विचारतात, धर्म नाही. बौद्ध उद्योजकाला दोन्ही दारं उघडी आहेत: अल्पसंख्याक म्हणून आणि १९९० पासून अनुसूचित जातीत म्हणूनही. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची असते, त्यातली ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून. मात्र भागीदारीत किंवा कंपनीत त्यांचा हिस्सा किमान ५१ टक्के लागतो. दोन मित्र ‘अर्धं-अर्धं’ म्हणून ५०-५० करतात आणि या ४ टक्क्यांतून बाहेर पडतात. करारनामा करण्याआधीच हे बघा.

कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. त्यात सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. अल्पसंख्याक, इतर मागास, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला यांना स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात; अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५. पत्ता मात्र खरा द्या, जागेची पाहणी होते. योजना नव्या धंद्यासाठीच आहे, त्यामुळे मंजुरीआधी संगणक घेऊन काम सुरू केलंत तर अर्ज अडकेल. अनुदानही लगेच हातात पडत नाही: ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मगच कर्जात वळतं. हप्ता बसवताना हे धरा.

आता पहिलं सामायिक काम. गणवेश शिवणारा गारमेंटवाला घ्या. शाळेची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते: २४ नंबरचे इतके, ३० चे तितके. कोणीतरी ते वहीत उतरवतो, एक आकडा चुकतो आणि कटिंग वाया जातं. शाळेकडूनच साइजवार आकडे भरून घेणारा साधा फॉर्म, त्यावरून कटिंगची यादी, एवढंच विका. जूनच्या धांदलीत कोणी ऐकणार नाही. दिवाळीनंतर, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी भेटा. बिल एकाच्या नावाने, पैसे ४०-४०-२० अशा तीन टप्प्यांत, ५ टक्के गटाच्या खात्यात. सोर्स कोड कोणाचा, हे पहिल्या दिवशी लिहून घ्या. ते राहिलं की गट फुटतो.

वसुलीत गटाचा खरा उपयोग. उद्यम क्रमांक बिलावर छापा. लेखी करार असला तरी देणं ४५ दिवसांच्या आत व्हायला हवं, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. ‘दिवाळीला बघू’ म्हणणाऱ्याला आधी गटाचं पत्र पाठवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

संस्थेच्या नोंदणीची घाई नको. सोसायटीला सात माणसं लागतात, पुढे दरवर्षी ऑडिट. त्याआधी पुण्यात २००५ मध्ये सुरू झालेल्या डिक्की या दलित उद्योजकांच्या संघटनेशी आणि राष्ट्रीय लघु उद्योग निगमाच्या एससी-एसटी हबशी बोलून घ्या. जाताना वरची शीट छापून न्या, पहिला प्रश्न तोच येतो: तुम्ही आजवर काय करून दिलंत?