जुन्या गाडीचं फाउंडेशन आणि बुश बदलताय? या चुका टाळा

कसारा घाटात ट्रॅफिक तुंबलं की जुन्या गाडीची खरी परीक्षा होते. पहिला गिअर, अर्धा क्लच, चार पावलं पुढे आणि परत ब्रेक. अशा वेळी गिअरचा दांडा थरथरू लागला, क्लच सोडताना बॉनेटखालून ‘धप्’ आवाज आला, एसी लावताच स्टिअरिंग हातात गुणगुणू लागलं, तर गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं: “फाउंडेशन गेलं.” बरेचदा ते खरंही असतं. फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते इंजिन आणि बॉडीच्या मधलं रबर. ते वर्षानुवर्षं उष्णता, तेल आणि खड्डे सोसून चिरतं, बसतं, धातूपासून सुटतं. लोअर आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा, त्याच्या सांध्यातल्या रबरी बुशचीही तीच गत होते.

पण हेच काम करून घेतल्यावर काही महिन्यांत तीच गाडी त्याच तक्रारीसह परत येते, तेव्हा दोष कंपनीच्या मालाला दिला जातो. माझं मत स्पष्ट आहे: नवं रबर लवकर फाटतं ते बहुतेक वेळा चुकीच्या स्थितीत आवळल्यामुळे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, पण त्याआधी निदान.

थरथर म्हणजे फाउंडेशनच, असं धरून चालू नका

इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तरी गाडी थरथरते. पेट्रोल गाडीत जुना स्पार्क प्लग, कमजोर कॉइल, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी, डिझेलमध्ये इंजेक्टर. सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर हात धरून बघा. धुराचे ठोके एकसारखे येत असतील आणि तरी केबिन हलत असेल, तर संशय फाउंडेशनवर घ्या. ठोका मध्येच चुकत असेल, तर आधी इंजिन दुरुस्त करा. नाहीतर नव्या फाउंडेशनचे पैसे जातील आणि थरथर तशीच राहील.

दुसरी तपासणी दोघांनी करायची. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा. एकाने सीटवर बसून फूटब्रेक घट्ट दाबावा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू, गाडी पकडेपर्यंतच सोडावा. मग तसंच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिनकडे बघावं. गाडीच्या पुढे कधीही उभं राहू नये. इंजिन थोडं कलणं स्वाभाविक आहे. ते उसळत असेल, ठोकर देत असेल, तर कोणत्या बाजूने उचललं जातंय ते नीट बघा. तिथलं फाउंडेशन आधी तपासा.

हायड्रॉलिक फाउंडेशनमध्ये द्रव भरलेला असतो. त्याच्याखाली ओघळ दिसला की ते संपलं, मग रबर वरून कितीही धडधाकट दिसो. आणि एक नाशिकपुरतं: डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इथल्या थंडीत रबर कडक होतं आणि चांगल्या गाडीतही पहिली काही मिनिटं थरथर जास्त जाणवते. इंजिन गरम झाल्यावर परत बघा, मगच निर्णय घ्या.

एकच बदलून बाकीची तशीच ठेवणं

इंजिन आडवं बसवलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत तीन किंवा चार फाउंडेशन असतात: एक इंजिनच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला आणि इंजिनचा झोका आवरणारी एखाद-दोन. एक फाटलं की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो. सगळी एकदम बदलायचं बजेट नसेल तर निदान प्रत्येक नीट तपासून घ्या. फाटलेल्याच्या जोडीला दबलेलं फाउंडेशन राहू दिलं, तर नवंही लवकर जाईल.

पार्ट घेताना फक्त मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेलचं फाउंडेशन बरेचदा वेगळं असतं. चॅसी नंबर सांगा, जुना तुकडा सोबत न्या. मूळ हायड्रॉलिक असेल तर त्याजागी स्वस्तातलं भरीव रबर बसवू नका. बसतं व्यवस्थित, पण आयडलिंगची, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असतानाची, सगळी थरथर केबिनमध्ये येते.

ऑइल चेंबरला थेट जॅक लावणं

फाउंडेशन काढण्याआधी इंजिनला खालून आधार द्यावा लागतो, आणि घाईत जॅक सरळ ऑइल चेंबरच्या मध्यावर लागतो. पत्र्याचं चेंबर आत दबतं. त्याच्या तळाशी ऑइल ओढणारी जाळी असते. पोचा तिच्यापर्यंत गेला तर ऑइल कमी ओढलं जातं आणि इंजिन निकामी होऊ शकतं. ॲल्युमिनियमचं चेंबर तर सरळ तडकतं. रुंद लाकडी फळी मध्ये घाला, भार चेंबरच्या कडेकडे येऊ द्या. इंजिन फक्त बोल्टवरचा भार सुटेल इतकंच उचलायचं. उचलताना रेडिएटरचे होज, एसीचे पाइप, वायरिंग आणि सायलेन्सरचा लवचिक भाग ताणला जात नाही ना, याकडे एकाने लक्ष ठेवायचं.

गाडीखाली शिरणार असाल तर गाडी स्टँडवर हवी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. याला अपवाद नाही.

लटकत्या चाकांवर बुश आवळणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी. लोअर आर्मच्या बहुतेक रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पकडली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही, रबरच पिळलं जातं.

दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलली की चाकं खाली लटकतात, आर्मही खाली झुकतो. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर बुशची ‘सरळ’ अवस्था तीच ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर पिळलेल्या फडक्यासारखं ताणात राहतं, गाडी उभी असतानासुद्धा. मग त्र्यंबक रोडचा प्रत्येक स्पीडब्रेकर त्या पिळात भर घालतो आणि बुश फाटतं.

म्हणून बोल्ट आधी हाताने, हलके बसवायचे. गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दाबून दोन-चार वेळा हलवायची, आणि मग गॅरेजच्या खड्ड्यातून किंवा रॅम्पवर टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळता येणारा पाना) शेवटचं आवळायचं. ते शक्य नसेल तर आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला आणून आवळता येतं. गॅरेजमध्ये काम देताना एवढंच म्हणा: “भाऊ, आर्मचे बोल्ट गाडी खाली उतरवल्यावरच फायनल टाइट करा.” हे ऐकून चेहरा त्रासिक झाला तर दुसरं गॅरेज शोधा.

फाउंडेशनलाही जवळपास हाच नियम. सगळे बोल्ट सैल बसवा, इंजिन आपल्या जागी बसू द्या, आणि मग शेवटी टॉर्कप्रमाणे आवळा. एक बाजू आधी पक्की केली की दुसऱ्या बाजूचं भोक जुळत नाही आणि मग पहार घालून ओढाताण सुरू होते. तसं ओढून बसवलेलं फाउंडेशन पहिल्या दिवसापासून तिरकं ताणलेलं राहतं.

हातोडा, आग आणि ग्रीस

बुश आर्ममध्ये ठोकून बसवलं तर आर्मची कड वाकते, बुश तिरकं जातं. जाळून काढल्यास विषारी धूर होतो आणि आर्मच्या धातूवरही परिणाम होऊ शकतो. अंबड आणि सातपूरसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या गावात हायड्रॉलिक प्रेस शोधणं अवघड नाही. हातोड्याला कारणच उरत नाही. काही बुशमध्ये मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. जुनं काढण्याआधी त्या कोणत्या दिशेला आहेत याचा फोटो काढा आणि नवं त्याच दिशेने बसवा.

रबर सहज सरकावं म्हणून ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं. गाडी धुताना खालून डिझेलचा स्प्रे मारून घेण्याची सवयही याच कारणासाठी सोडा. आणि वरून टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) ऑइल फाउंडेशनवर ठिबकत असेल, तर आधी ती गळती बंद करा.

काम झाल्यावर

आर्म काढला असेल तर व्हील अलाइनमेंट लागतंच, ते टाळलं की टायर एका कडेने झिजतात. थरथर वाढलीच असेल तर नवं फाउंडेशन ब्रॅकेटला कुठे टेकतंय का ते पाहा, बोल्ट सैल करून परत बसवा. आणि स्टार्टर अचानक जड झाला असेल तर बॅटरी बदलण्याआधी इंजिनची अर्थिंगची पट्टी शोधा. काही गाड्यांत ती फाउंडेशनच्या बोल्टलाच असते आणि घाईत लोंबकळत राहून जाते.