पिचच्या आदल्या रात्री मेंटरला फोन? या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं माझं मशीन शॉप संध्याकाळी बंद झालं, की कॉलेजची एखादी टीम येऊन बसते. पिचची, म्हणजे स्पर्धेत परीक्षकांसमोर आपली धंद्याची कल्पना मांडायची, तयारी करून घ्या म्हणतात. वर्षं गेली, टीम बदलल्या, चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आदल्या रात्री येणं. "सर, पीपीटी तयार आहे, फक्त एक नजर टाका." एका नजरेत फार तर स्पेलिंग सुधारतं. परीक्षकांसमोर पाय लटपटतात, कारण पुढचा प्रश्न काय येईल याचीच धास्ती असते. ते प्रश्न आधी कुणीतरी विचारून घ्यायला हवेत. मेंटर त्यासाठीच असतो. मी तीन आठवडे आधी बोलावतो आणि पहिल्या बैठकीत लॅपटॉप उघडू देत नाही. घाई असलेली पोरं दुसऱ्या बैठकीला येतच नाहीत. त्यांना आत्मविश्वास आयता हवा असतो, तो माझ्याकडं नाही.

दुसरी चूक पाठांतराची. एका टीमनं गुऱ्हाळासाठी यंत्र केलं होतं. काहिलीतल्या पाकाचं तापमान मोजायचं आणि मोबाईलवर इशारा द्यायचा. कल्पना चांगली होती. गूळ साधारण 118 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवतात. लवकर उतरवला तर रवा, म्हणजे गुळाची ढेप, मऊ राहतो, उशीर झाला तर करपतो. पाच मिनिटांचं इंग्रजी भाषण तोंडपाठ होतं. परीक्षकांनी मराठीत विचारलं, "एका आदणामागं, म्हणजे एका काहिलीमागं, गुऱ्हाळवाल्याचे किती पैसे वाचतील?" दोघं गप्प. मग त्यातल्या मुलीनं भाषण पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू केलं. आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण चूक माझीही होती. मी ते भाषण आधी ऐकलं होतं, "छान" म्हणालो होतो आणि प्रश्न एकही विचारला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात त्यांना करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर नेलं. गुळव्यानं थोडा पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली आणि काहील उतरवायला सांगितली. मग त्या मुलीकडं वळला, "पोरी, माझ्या बोटापेक्षा तुझं यंत्र काय जास्त सांगतंय?"

ती अडखळली. मग म्हणाली, "काका, तुम्ही आजारी पडला तर गोळी कोण बघणार?"

त्यानं तिला शेजारी बसवून घेतलं. दिवसाला आदणं किती निघतात, बिघडलेला रवा मार्केट यार्डातल्या सौद्यात किती कमी दरानं जातो, सगळा हिशेब सांगितला. पुढच्या पिचची सुरुवात तिनं गुळव्याच्या प्रश्नानंच केली, मराठीत. हात थरथरत होते, पण एकाही प्रश्नाला ती थांबली नाही.

तेव्हापासून सरावात मी मध्येच तोडतो. "पाचव्या स्लाईडवरून सांग." "आता लाईट गेली, स्लाईड नाहीत, बोल." पोरं वैतागतात. वैतागू देतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

"आम्हाला स्पर्धकच नाही" असं म्हणू नका. गुळव्याचं बोट हाही स्पर्धकच.

चपलांचा धंदा मांडणार असाल तर लक्षात ठेवा, कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी आहे. ते मानांकन तुमच्या एकट्याच्या ब्रँडची खासियत म्हणून स्लाईडवर टाकू नका. शिवण, चामडं, कारागिराला मिळणारा दाम, यात तुमचं वेगळं काय ते सांगा.

कंपनीतल्या 5 टक्के हिश्शासाठी 10 लाख मागताना आपण कंपनीची किंमत 2 कोटी सांगतोय, हे निम्म्या टीमना ठाऊक नसतं. कागदावर गुणाकार करून मगच या.

पाच-पाच मेंटर गोळा करू नका. पाचही जण वेगवेगळं सांगतात आणि पिच रोज बदलत राहतं.

परीक्षकांचा प्रश्न आला की मागं बसलेल्या मेंटरकडं बघू नका. मी तर आता हॉलमध्ये बसतच नाही, बाहेर चहाच्या गाड्यावर थांबतो. टीम बाहेर आली की उत्तरं कशी गेली हे विचारत नाही, प्रश्न कोणते आले तेवढे वहीत लिहून घेतो. पुढच्या टीमला तिथूनच सुरुवात करायची असते.