गाण्याच्या आवाजाला कॉम्प्रेसर लावताना

कॉम्प्रेसर मोठे सूर आपोआप दाबून आवाजातला चढउतार कमी करतो. रेकॉर्डिंग करताना गायकाचा सर्वांत मोठा सूर मीटरवर उणे १० डीबीच्या (डेसिबल) आसपास राहील एवढाच गेन, म्हणजे माइकच्या सिग्नलची वाढ, ठेवा. २४ बिट रेकॉर्डिंगला तेवढी जागा भरपूर होते. डिजिटलमध्ये शून्य डीबीच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, वर गेलेली लाट सपाट कापली जाते आणि कॉम्प्रेसर ती परत आणू शकत नाही. टेपचं तसं नाही. पातळी चढली की टेप स्वतःच शिखरं हळूहळू दाबते. ती सवय इथे नको.

आता कॉम्प्रेसरचा रेशो ४:१ ठेवा (मर्यादेच्या वरचे ४ डीबी दाबून १ डीबी होतात) आणि मोठ्या सुरांवर मीटर १० डीबी कपात दाखवेपर्यंत थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्या वर दाबणं सुरू होतं ती पातळी, खाली आणा. एवढं दाबणं अंतिम मिक्ससाठी जास्तच आहे, पण अटॅक (दाबायला लागणारा वेळ) आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) यांचा परिणाम असाच स्पष्ट ऐकू येतो. अटॅक सर्वांत वेगवान करा: ‘क’, ‘ट’, ‘त’ बोथट होतील. मग तो हळूहळू वाढवा. बहुधा ५ ते १५ मिलिसेकंदांत व्यंजनांची धार परत येते, तिथे थांबा. रिलीज १०० मिलिसेकंदांपासून सुरू करा. पुढचा शब्द येईपर्यंत काटा जवळपास शून्यावर परतायला हवा. उशिरा परतला तर त्या शब्दाची सुरुवात दबते. फार लवकर परतला तर आवाज धापा टाकतो. बेस गिटारवर तर खरखर येते, कारण ५० हर्ट्झची एक लाटच २० मिलिसेकंदांची असते आणि कॉम्प्रेसर तिचाच आकार बदलू लागतो.

हे जमलं की थ्रेशोल्ड वर घ्या. ३ ते ६ डीबी कपात पुरे.

११७६ हा वेगवान कॉम्प्रेसर किंवा त्याचं प्लगइन (सॉफ्टवेअर रूप) वापरत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याला थ्रेशोल्डचं बटण नाही, इनपुट वाढवलं की कपात वाढते. आणि अटॅक-रिलीजची बटणं उजवीकडे फिरवली की वेग वाढतो. त्याचा सर्वांत संथ अटॅकही एका मिलिसेकंदाच्या आत असतो, म्हणून तो एकट्याने सगळं काम करायला लावू नका. त्याने फक्त टोकं २-३ डीबी दाबा आणि त्याच्यामागे एलए-२ए हा संथ कॉम्प्रेसर लावून उरलेला चढउतार सावकाश सारखा करा.

कॉम्प्रेसर बायपास (तात्पुरता बंद) करून तुलना करताना दोन्हींची पातळी कानाला सारखी हवी. मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो आणि तिथेच फसगत होते.

दाबल्यामुळे कमी झालेली पातळी भरून काढायला मेकअप गेन ६ डीबी दिला की श्वास आणि खोलीतली घरघरही ६ डीबीने वर येते. मोठे श्वास कॉम्प्रेसरच्या आधीच, रेकॉर्ड केलेल्या क्लिपवर हाताने कमी करा.