शिक्षा लागल्यावर आमच्या घरानं केलेल्या चुका: अपील करणाऱ्यांनो, या टाळा

दिंडोशीच्या सत्र न्यायालयात माझ्या धाकट्या दिराला दहा वर्षं लागली. त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही रडण्यात आणि एकमेकांशी भांडण्यात घालवले. सासूबाई अनवाणी सिद्धिविनायकाला जात होत्या, सासरे वकिलाला शिव्या घालत होते आणि निकालपत्र कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला ६० दिवस मिळतात. शिक्षा मॅजिस्ट्रेटची असेल, तर सत्र न्यायालयात जायला ३०च. मुदत टळली तर उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण कारण द्यावं लागतं, आणि ‘घरातले सगळे खचले होते’ हे कागदावर फार दुबळं दिसतं. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते, तो त्याचा हक्क आहे. ती आधी हातात घ्या.

अपील दाखल झालं की माणूस घरी येतो, अशी आमच्या चाळीत सगळ्यांची समजूत. तसं होत नाही. शिक्षेला स्थगिती आणि जामीन यांसाठी वेगळा अर्ज लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरता जामीन देऊ शकतं. तो अर्ज निकालाच्या दिवशीच करायचा असतो.

आता सगळ्यात मोठी चूक. ‘तो त्या रात्री घरीच होता, आम्ही सगळे सांगू ना!’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय, स्वतः म्हटलंयही. पण अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा उभे राहत नाहीत. न्यायमूर्ती खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड वाचतात: साक्षी, उलटतपास, पंचनामे, निशाण्या (कोर्टानं नंबर देऊन ठेवलेले पुरावे). म्हणून शेवटी मी दोनशे पानी वही आणली आणि चार रकाने आखले. साक्षीदार पोलिसांना काय म्हणाला, कोर्टात काय म्हणाला, उलटतपासात काय कबूल केलं, आणि निकालपत्रात त्यातलं काय उतरलं. चौथा रकाना जिथे रिकामा राहिला, तिथे खूण केली. आमच्या प्रकरणात एका पंचानं उलटतपासात सांगितलं होतं, की पंचनाम्यावर सही पोलीस ठाण्यात बसून केली. निकालपत्रात त्यावर एक ओळ नव्हती. नवीन वकिलांनी वही पाहिली आणि पहिल्यांदाच आमच्यासाठी चहा मागवला.

असले रिकामे रकाने किती महाग पडतात, याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. २००३ सालच्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानंच २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली होती; तिघांची फाशी कायम केली आणि उच्च न्यायालयानं जन्मठेपेवर आणलेल्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. प्रत्यक्षदर्शी बाईनं पोलिसांच्या फोटोंतून आधी वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं.

नवा पुरावा द्यायचाच असेल, तर अतिरिक्त पुराव्याचा अर्ज करावा लागतो आणि ‘हे आधी का नाही दाखवलं?’ हा प्रश्न येतोच. दिराचा जुना मोबाइल आमच्या नणंदेच्या नवऱ्यानं मनीष मार्केटमध्ये आठशे रुपयांना विकून टाकला होता. त्यात त्या रात्रीचं काय होतं, देव जाणे. फोन, पगाराची स्लिप, दवाखान्याची चिठ्ठी, काहीही फेकू नका. शाळेचा दाखलाही काढा; घटनेच्या वेळी मुलगा अठराच्या आतला होता, हा मुद्दा निकाल अंतिम झाल्यावरही मांडता येतो.

साक्षीदाराच्या घरी मात्र जाऊ नका. ‘फक्त विनंती करायला’ म्हणूनही नाही. दिराचा एक मित्र असाच निघाला होता, त्याला मालाड स्टेशनवरून परत आणलं. धमकीची तक्रार झाली असती, तर जामिनाचा अर्ज तिथेच संपला असता.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कैदेत असलेल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, आणि कैदी तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो. कोर्टाबाहेर ‘सेटिंग’ करून देतो म्हणणाऱ्याला आम्ही पंचवीस हजार दिले. पावती मागितली तेव्हा तो हसला.

वकीलपत्रावर सही घ्यायला आम्ही आर्थर रोडला गेलो, तर दीर येरवड्याला हलवलेला. शिक्षा लागलेल्यांना तिथून बऱ्याचदा दुसऱ्या कारागृहात नेतात, तेव्हा आधी चौकशी करा. त्या फेरीत आमचे अकरा दिवस गेले. साठातले एकोणपन्नास उरले असते तर ठीक होतं, पण तीन आठवडे आधीच रडण्यात गेले होते.