उसाची ट्रॉली भरलेल्या वजनावर समपातळीत आहे का, हे तोडीपूर्वी तपासावे

गाळप हंगाम तोंडावर आला आहे आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानांतून परतीच्या पावसाचे पाणी अजून पुरते निथळलेले नाही. अशा वेळी वाळवा, पलूस, कराड भागातील ऊस उत्पादकांनी बाकीची कामे बाजूला ठेवून आधी ट्रॉली मोजून घ्यावी. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला गेला नाही तर वजन आणि साखर दोन्ही घटतात, हे सर्वांना पाठ आहे. परंतु तो ऊस वाहणारी ट्रॉली मागे बसली आहे की पुढे झुकली आहे, हे पाहण्यासाठी फारसे कोणी वाकत नाही.

गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या रानातून दोन चाकी ट्रॉली भरून निघाली. रिकामी असताना ती सपाट दिसत होती. भरल्यावर पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबले आणि मागची फळी चार बोटे खाली गेली. रानातून रस्त्यावर चढताना भार एक्सलच्या मागे गेला, ट्रॉलीला ट्रॅक्टरच्या हुकाशी जोडणाऱ्या दांड्याने ट्रॅक्टरची मागची बाजू वर उचलली, मोठी चाके जागच्या जागी फिरून रुतली आणि वरच्या मोळ्या चिखलात ओघळल्या. तो ऊस दोन रात्री तेथेच वाळला. ट्रॉली पुढे झुकलेली असेल तर उलट घडते: हुकावर जादा भार येऊन ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. चढावर स्टेअरिंग हातात सैल लागले, तर आम्ही प्रथम दांड्याकडे पाहतो. एकूण भाराचा साधारण दहावा हिस्सा हुकावर असावा, असा आमचा अनुभवाचा अंदाज आहे.

मोजणी भरलेल्या ट्रॉलीचीच करावी. सपाट, टणक जागेवर ट्रॅक्टर जोडून, टायरमध्ये योग्य हवा भरून, गवंड्याची पातळी पाहायची पाण्याची नळी हौद्याच्या, म्हणजे ऊस भरायच्या भागाच्या, पुढच्या व मागच्या टोकाला धरावी. समजा दोन चाकी ट्रॉलीचा हौदा १० फूट लांब आहे, मागचे टोक ३ इंच खाली आहे आणि दांड्याच्या कडीपासून एक्सल ९ फुटांवर आहे; तर ३ ला १० ने भागून ९ ने गुणावे. उत्तर २.७ इंच येते आणि एक्सलपाशी तेवढीच उंची वाढवावी लागते. पुढचे टोक खाली असेल तर एक्सलपाशी उंची वाढवल्याने दोष वाढतो. तेथे दांड्याची कडी खालच्या भोकांत बसवावी. चार चाकी ट्रॉलीचा दांडा बिजागरीवर हलत असल्याने हुकाच्या उंचीने हौदा झुकत नाही. तेथे दबलेले किंवा तुटलेले पाटे शोधावेत.

दुकानदार मात्र मोजणीआधीच मोठे टायर आणि महागडे जोड सुचवतो. बहुतेक ठिकाणी एवढ्या खर्चाची गरज नसते. आधी तुटका पाटा बदलावा. त्यानंतरही मागचा भाग खालीच राहिला, तर ट्रॅक्टरचा हूक एक भोक खाली घेता येतो का, ते पाहावे. तेही शक्य नसेल तरच पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पोलादी ठोकळा घालून लांब, नवे यू-बोल्ट बसवावेत. ठोकळ्यावर ठोकळा चढवू नये, लाकडी तुकडा तर मुळीच वापरू नये आणि पाट्याच्या पानावर वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने पानाचा कस जातो. एक्सल पाट्याच्या वर असेल तर तो खाली घेऊनही उंची वाढते. परंतु हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. उंची वाढली की ट्रॉली उलटण्याचा धोकाही वाढतो, म्हणून शिराळा किंवा पाटणकडच्या वळणांवर मोळ्यांचा थर कमी ठेवावा.

हूक ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्या मध्यरेषेच्या वर कधीही नेऊ नये. टॉप लिंकच्या (ट्रॅक्टरमागे अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या) जागी साखळी अडकवून रुतलेली ट्रॉली ओढल्यास ट्रॅक्टर पुढून उभा राहतो आणि चालकावर उलटतो. चिखलाच्या दिवसांत घाईपोटी हेच केले जाते.

इतर कामे:
– हबच्या बेअरिंगला ग्रीस, चाकांचे नट घट्ट
– हुकाची पिन, तिचा चाप, सुरक्षा साखळी
– मागे लाल परावर्तक, दिवे
– रानातून रस्त्यावर येणाऱ्या वाटेवर मुरूम
– तोडणीच्या आधी पाणी बंद, तोड जमिनीलगत
– खोडव्यासाठी (तोडीनंतर बुडख्यातून फुटणाऱ्या पिकासाठी) पाचट न जाळता, कुजवण्यास हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू

ठोकळा बसवलेल्या ट्रॉलीची पहिली खेप अर्धी भरूनच न्यावी. कारखान्याच्या वजनकाट्यावर रांग लागते, तेवढ्या वेळात पाना घेऊन यू-बोल्टचे नट पुन्हा आवळावेत. दुसरी खेप पूर्ण भरल्यावर, रानातून बाहेर पडण्यापूर्वी, पाण्याची नळी पुन्हा धरावी. पाटे वजनाखाली बसतात आणि पहिल्या दिवशी जुळलेली पातळी दुसऱ्या दिवशी राहतेच असे नाही.