पॅरिसमध्ये सुट्टीसाठी फ्लॅट भाड्याने घेताय? या चुका टाळा

पॅरिसच्या सातव्या विभागात, र्यू क्लेरच्या बाजारपेठेजवळ, फर्निचरसकट फ्लॅट घ्यायचा म्हटलं की आपली मंडळी फोटोतल्या उंच खिडक्या आणि संगमरवरी शेकोटी बघतात आणि पैसे भरून मोकळी होतात. जाहिरात शेवटपर्यंत वाचायला दहा मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसतो. मला या घाईचा खरंच राग येतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जाहिरातीतल्या 'दु प्येस' या फ्रेंच शब्दांमुळे. याचा अर्थ दोन खोल्या: एक बैठकीची, एक झोपायची. स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजणीत धरत नाहीत. म्हणजे आपला 1 बीएचके! आपण 2 बीएचके समजून आईबाबांना घेऊन जातो आणि ते आठवडाभर सोफा-बेडवर पाठ धरून झोपतात. 'शांब्र', म्हणजे बेडरूम, किती आहेत हे मी घरमालकाकडून लेखी घेतो.

जाहिरातीत फ्लॅट पर्यटकांना भाड्याने देण्यासाठीचा सरकारी नोंदणी क्रमांक नसेल तर पुढे जाऊ नका. पॅरिसची पुनर्रचना करणाऱ्या ओस्मानच्या काळातल्या (1853 ते 1870) इमारतींत लिफ्ट मागाहून जिन्याच्या पोकळीत बसवलेली असते. बऱ्याचदा त्यात दोन माणसं आणि एक बॅग, एवढंच मावतं. इंडक्शन शेगडी असेल तर साधा, इंडक्शनचा तळ नसलेला ॲल्युमिनियमचा कुकर घरीच ठेवा, तो तापतच नाही.

आता दार. तिथल्या बऱ्याच दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार ओढलं की खटका बसतो आणि किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली आतून कुलपात राहिली, तर अनेक कुलपांत बाहेरून दुसरी किल्लीही चालत नाही. आमचं नेमकं तेच झालं. रविवारी संध्याकाळी मी कचरा टाकायला खाली गेलो, मदतीला म्हणून सासरे मागून आले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. किल्ली आत, फोन आत, शेगडीवर दूध. घरमालकीणबाई दुसरी किल्ली घेऊन आल्या, पण ती कुलपात शिरेना. शेवटी इमारतीच्या दाराशी चिकटवलेल्या स्टिकरवरच्या नंबरावर त्यांच्या फोनवरून किल्लीवाला बोलावला. फोनवर 90 युरो सांगितले होते. आल्यावर त्याने कुलूपच ड्रिलने फोडलं आणि 640 युरोंचं बिल हातात दिलं. सासऱ्यांचे हात थरथरत होते. नुसतं ओढलं गेलेलं साधं दार बहुतेक वेळा फटीतून प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून उघडता येतं, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून किल्ली माझ्या गळ्यात दोरीने असते. आतून कुलूप लावलं की ती लगेच काढतो. घरमालकाच्या ओळखीच्या किल्लीवाल्याचा नंबर पहिल्याच दिवशी मागून घेतो, आणि 'दव्ही', म्हणजे लेखी अंदाजपत्रक, हातात आल्याशिवाय कोणालाही दाराला हात लावू देत नाही.