बेळगावात मुलांच्या शाळेजवळ भाड्याचं घर कसं शोधावं?

खानापूर, चंदगड, निपाणी भागातून किंवा बदलीमुळे कोल्हापूर-कोकणातून बेळगावात येणारी बरीच कुटुंबं मुलांच्या शाळेसाठीच येतात. घर शोधताना मात्र आधी वसाहतीचं नाव ठरतं, मग भाडं आणि सगळ्यात शेवटी शाळा. क्रम उलटा लावा. आधी शाळा, मग घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता, मग घर. पावसाळ्यातल्या सकाळी आठ वाजता आपलं मूल कुठल्या रस्त्याने आणि कशाने जाणार, याचं उत्तर मिळाल्याशिवाय डिपॉझिटचा एक रुपयाही देऊ नका.

माध्यम आणि शाळा आधी ठरवा

मराठी माध्यम की इंग्रजी, स्टेट बोर्ड की सीबीएसई, हे घरी बसून नीट बोला. बेळगावात मराठी माध्यमाच्या चांगल्या शाळा आजही आहेत. मराठी विद्यानिकेतन, टिळकवाडीतलं ठळकवाडी हायस्कूल, मुलींसाठी बालिका आदर्श ही नावं कोणीही सांगेल. इंग्रजीसाठी कॅम्पात १८५६ पासूनचं सेंट पॉल्स, तिथेच बी. के. मॉडेल, टिळकवाडीत हेरवाडकर, हिंदवाडीकडे गोमटेश. ही यादी पुरी नाही, पण शाळांचा भर टिळकवाडी आणि कॅम्प या दोन पट्ट्यांत आहे, हे तिच्यावरून लक्षात यावं.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच विचारून ठेवाव्यात. पहिली वयाची. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण झालेली चालतात, कर्नाटकात तारीख १ जूनची आहे. २०२५-२६ साठी ५ वर्षं ५ महिन्यांपर्यंत सवलत दिली होती, तुमच्या वर्षाचं शाळेच्या ऑफिसातच विचारा. दुसरी गोष्ट कन्नडची. २०१५ च्या कायद्यानुसार पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकवणं बंधनकारक आहे आणि त्यात सीबीएसई शाळाही येतात. पहिलीतलं मूल कन्नड सहज उचलतं. आठवीत आलेल्या मुलाला ती जड जाते. शाळा त्याला जादा तास देते का, भाषेचा पर्याय काय आहे, हे स्पष्ट विचारा. जवळपास कन्नड शिकवणाऱ्या एखाद्या बाई मिळतात का, तेही बघून ठेवा.

शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवर मात्र भिस्त ठेवू नका. परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेत या जागा मिळत नाहीत, असा बदल कर्नाटकाने २०१९ मध्ये केला. बेळगाव शहरात जवळ अशी शाळा नाही असा भाग क्वचितच सापडेल. म्हणजे फी स्वतःची धरायची आणि ती धरूनच भाड्याचा आकडा ठरवायचा.

रेल्वे गेट कुठल्या बाजूला आहे ते बघा

नकाशावर टिळकवाडी आणि कॅम्प शेजारी-शेजारी दिसतात, पण मधून रेल्वेलाईन जाते. शाळेच्या वेळेला पहिल्या किंवा दुसऱ्या गेटवर एकदा उभे राहा. गेट पडलं की दोन मिनिटांत दोन्ही बाजूंना स्कूटर, व्हॅन आणि रिक्षांची दाटी होते. रिक्षांच्या बाहेर दप्तरं लोंबकळत असतात, मागच्या स्कूटरवर आईला बिलगलेलं मूल अर्धवट झोपेत असतं आणि गाडी गेल्यावर दोन्हीकडचे एकदमच घुसतात. गेट उघडलं तरी सुटायला वेळ लागतो. तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाल्यापासून अनगोळकरांची पुष्कळ सोय झाली आहे, हेही खरं.

म्हणून माझा सल्ला असा. शाळा कॅम्पात असेल तर घर हिंडलगा, गणेशपूर, लक्ष्मीटेक या बाजूला आधी बघा. शाळा टिळकवाडीत असेल तर हिंदवाडी, अनगोळ, भाग्यनगर, शहापूर, वडगाव. टिळकवाडीतच राहायला हवं असं नाही. तिथे भाडं जास्त आणि रिकामी घरं कमी. भाग्यनगरातून मूल सायकलने येऊ शकतं, शहापूरच्या एखाद्या गल्लीत तेवढ्याच पैशात एक खोली जास्त मिळू शकते.

मच्छे, पिरनवाडी, यळ्ळूर अशी बाहेरची गावं स्वस्त पडतात. तिथे बसवर अवलंबून राहावं लागतं, आणि सकाळच्या बसला दारात लोंबकळणारी पोरं रोज दिसतात. पाचवी-सहावीपर्यंतचं मूल असेल तर मी तिकडे घर घ्यायला सांगणार नाही. हायस्कूलची मुलगी असेल तर ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत तिचा बसप्रवास फुकट आहे, मात्र ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. सीमेपलीकडे शिनोळीला राहून बेळगावच्या शाळेत मुलं पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

घर कधी आणि कुणाकडून शोधायचं

दहावीची परीक्षा संपली की भाडेकरू हलतात. एप्रिल-मेमध्ये घरं रिकामी होतात आणि मे संपता संपता शाळा सुरू होते. फेब्रुवारी-मार्चपासून सांगून ठेवलं तर निवड करता येते. मेच्या शेवटच्या आठवड्यात मिळेल ते घ्यावं लागतं.

एजंटकडे जाण्याआधी त्या भागातल्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला आणि शाळेच्या रिक्षामामांना विचारा. रिक्षामामाला कुठलं कुटुंब गाव सोडतंय हे आधी कळतं, शिवाय तो कुठल्या गल्लीत जातो आणि कुठे जात नाही तेही तोच सांगतो. ‘तरुण भारत’मधल्या छोट्या जाहिराती अजूनही कामाच्या आहेत. ‘टू लेट’ची पाटी कन्नडमध्ये असली तरी खालच्या नंबरावर बिनधास्त मराठीत बोला, बहुतेक मालकांना मराठी येतं. माणसं किती, जेवण शाकाहारी की मांसाहारी, हे प्रश्न पहिल्या फोनवरच येतील. खरं सांगा. लपवून मिळवलेल्या घरात मुलांना मोकळेपणानं वावरता येत नाही.

पाणी आणि ओल: इथे घाई करू नका

बेळगावात घर बघायला गेल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून पाणी येतं, पण सगळ्यांना सारखं नाही. काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे. बाकीच्या ठिकाणी काही दिवसांआड येतं आणि उन्हाळ्यात हे अंतर वाढतं. मालक सांगेल, “पाण्याचा कसलाच त्रास नाही.” मालकाचं ऐका आणि मग शेजारच्या काकूंना विचारा, “काकू, एप्रिलमध्ये नळ कितव्या दिवशी येतो? रात्री येतो की दिवसा?” मध्यरात्री नळ येणाऱ्या घरात आईची झोप मोडते आणि सकाळचा डबाही त्याच आईला करायचा असतो. जमिनीखालची टाकी आहे का, ती किती घरांत मिळून आहे, बोअर किंवा विहीर आहे का, मोटर कोण चालू करतं, हे सगळं विचारा. जुन्या गल्ल्यांतल्या घरांना विहिरी आहेत आणि टंचाईत त्यांचाच आधार होतो. असं घर थोडं जुनाट दिसलं तरी पटकन नाही म्हणू नका.

दुसरी गोष्ट ओल. इथला पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना उसंत देत नाही. एप्रिलमध्ये नवा रंग दिलेलं घर छान दिसतं, म्हणूनच रंगावर जाऊ नका. कपाट उघडून आतल्या कोपऱ्यात हात फिरवा. भिंतीला पावडर सुटत असेल, कुबट वास येत असेल, स्लॅबला पिवळट डाग असतील तर जुलैत तिथे बुरशी धरणार. मुलाला दमा किंवा सर्दीचा त्रास असेल तर असं घर कमी भाड्यातही घेऊ नका. कपडे वाळवायला झाकलेली जागा आहे का तेही बघा. दोन मुलांचे ओले युनिफॉर्म कुठे वाळणार?

शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवाराकडच्या नव्या वसाहतींत बळ्ळारी नाल्याची चौकशी कराच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे तिथला कोणीही बोट दाखवून सांगेल. त्या खुणेच्या खालच्या तळमजल्यावर घर घेऊ नका.

करार

लाईट बिलावरचं आणि घरपट्टीच्या पावतीवरचं नाव मालकाचंच आहे का बघा. करार साधारण ११ महिन्यांचा, ई-स्टॅम्पवर होतो. तो कन्नडमध्ये असेल तर कन्नड येणाऱ्या विश्वासातल्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्या, मगच सही करा. दोन गोष्टी लिहून घ्या. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, आणि शाळेच्या वर्षाच्या मध्यात घर खाली करायला सांगणार नाही. मार्च-एप्रिलपर्यंतची मुदत मागा. मुलांची शाळा आहे म्हटल्यावर बरेच मालक तयार होतात. डिपॉझिट बँकेतून द्या.

एकरकमी मोठी रक्कम देऊन भाड्याशिवाय राहायचा ‘लीज’चा व्यवहारही कर्नाटकात चालतो. घरावर बँकेचं कर्ज आहे का हे वकिलाकडून तपासल्याशिवाय त्यात पडू नका. कर्ज थकलं तर तुमची रक्कम अडकते.

लाईट

गृहज्योती ही कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना. आधीच्या भाडेकरूने तिच्यातलं आपलं नाव मीटरच्या आरआर नंबरवरून (वीज जोडणीच्या क्रमांकावरून) काढलं आहे का ते विचारा. त्याशिवाय तुमची नोंदणी होत नाही. योजना भाडेकरूलाही मिळते, पण सरसकट २०० युनिट फुकट नसतात. घराच्या जुन्या सरासरी वापरावर मर्यादा ठरते. चावी घेताना मीटरचा फोटो काढून ठेवा.

कागद जपून ठेवा

महाराष्ट्रातून येताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा, नाहीतर फक्त त्यासाठी परत जावं लागतं. प्रवेश झाला की मुलाचा सॅट्स नंबर लिहून घ्या. कर्नाटकात मुलाची पुढची सगळी नोंद त्यावर चालते.

दरवर्षीचा भाडेकरार आणि गुणपत्रिका एका फाईलीत लावा. कर्नाटकच्या सीईटीच्या जागेसाठी पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं इथे शिकलेलं असणं आणि दहावी किंवा पीयूसी दुसरं वर्ष (म्हणजे बारावी) इथून पास असणं, ही पात्रतेची एक मुख्य अट आहे. महाराष्ट्र सरकारनेही विवादित सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक मुलांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळी तरतूद ठेवली आहे आणि तिथे राहण्याचा व मातृभाषेचा पुरावा मागतात. प्रवेशाच्या अर्जात मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलं गेलंय ना, हे शाळेच्या क्लार्कसमोर उभं राहून वाचून घ्या. तो रकाना नंतर दुरुस्त करायला फार खेपा घालाव्या लागतात.